गाठीत सुई घालून नेमकं काय कळतं?

मानेला, काखेत, स्तनात किंवा जांघेत हाताला गाठ लागते. डॉक्टर चाचपून बघतात, सोनोग्राफी सांगतात आणि चिठ्ठीवर लिहून देतात: एफएनएसी. तिथून घरात दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, "एवढीशी सुई तर आहे, लगेच करून टाका." दुसऱ्याचं, "गाठीला सुई लावू नका, चिघळेल, पसरेल." तपासणी झालीच तर रिपोर्ट येतो. त्यात 'निगेटिव्ह' दिसलं की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि 'नमुना अपुरा' असं दिसलं की काय समजायचं ते कुणालाच कळत नाही.

या तपासणीबद्दल लोकांना जेवढी भीती वाटते, तेवढाच तिच्यावर फाजील विश्वासही असतो. नुकसान दोन्हींनी होतं. भीतीपोटी माणसं गाठ अंगावर काढतात. विश्वासापोटी एक चांगला रिपोर्ट फाइलला लावून वाढत्या गाठीकडे काणाडोळा करतात. सुईने काय कळतं आणि काय कळूच शकत नाही, हे एकदा नीट समजलं तर दोन्ही टळेल.

आधी नावाचं बघू. एफएनएसी म्हणजे फाइन नीडल अ‍ॅस्पिरेशन सायटॉलॉजी. बारीक सुईने गाठीतल्या पेशी बाहेर काढायच्या, काचेवर पसरायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, एवढाच तिचा अर्थ. इथून पुढे मी तिला सुईची तपासणीच म्हणेन.

## वरून सारख्या, आतून वेगळ्या

गाठ हे लक्षण आहे. तिच्यामागे कारणं ढीगभर असू शकतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ती सुजलेली लसिका ग्रंथी असते. मानेत एकापुढे एक गाठी येतात, ती क्षयाची गंडमाळ असू शकते. पाठीवर मऊ, बोटाखालून निसटणारी गाठ बहुतेक वेळा चरबीची असते. स्तनात पाणी भरलेली पिशवी असते, तशीच भरीव पण अगदी साधी गाठही असते. थायरॉइडमध्ये गाठी इतक्या सर्रास आढळतात की दुसऱ्याच कारणासाठी मानेची सोनोग्राफी केली तरी त्या सापडतात, आणि शंभरातल्या साधारण नव्वद साध्या निघतात. उरलेल्या काही मात्र कॅन्सरच्या असतात.

अनुभवी डॉक्टरांचा हात बरंच काही सांगतो: गाठ मऊ की टणक, सरकते की चिकटलेली, दुखते की नाही. सोनोग्राफी त्यात भर घालते: आत पाणी आहे की भरीव मांस, कडा नितळ आहेत की वेड्यावाकड्या. पण भरीव गाठीतल्या पेशी कोणत्या, हे बाहेरून दिसत नाही. पूर्वी हे कळायला गाठ कापूनच काढावी लागे. साधी निघाली तर ऑपरेशन फुकट गेलं म्हणायचं. थायरॉइडच्या गाठींसाठी सुईची तपासणी रुळली तेव्हा ऑपरेशनांची संख्या घटली आणि जी झाली त्यांत कॅन्सर निघण्याचं प्रमाण वाढलं. कुणाला ऑपरेशनच्या टेबलावर घ्यायचं आणि कुणाला घरी पाठवायचं, ही चाळणी लावणं हे या तपासणीचं मुख्य काम आहे.

## सुई घालतात तेव्हा आत काय होतं

वैद्यकीय सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. या तपासणीला बहुधा २२ ते २५ नंबरची सुई वापरतात. २५ नंबरच्या सुईची जाडी असते अर्धा मिलिमीटर. रक्ततपासणीसाठी हाताच्या शिरेत घालतात ती सुई बहुधा २१ किंवा २२ नंबरची असते, म्हणजे गाठीतली सुई तिच्याएवढी किंवा तिच्याहून बारीक.

स्पिरिटने कातडी पुसतात. दोन बोटांच्या चिमटीत गाठ हलणार नाही अशी धरतात आणि सुई आत घालतात. यापुढचा भाग रुग्णाला कळत नाही, आणि खरी करामत त्यातच आहे. सुई आत एका जागी थांबत नाही. ती थोडी मागेपुढे हलवतात, थोडी दिशा बदलून पुन्हा हलवतात. सुईचं टोक तिरकं कापलेलं असतं. त्या धारेने पेशींचे छोटे पुंजके सुटे होतात आणि सुईच्या पोकळीत शिरतात. सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून धरला की ते ओढले जायला मदत होते. बाहेर काढण्याआधी मात्र दट्ट्या सोडावा लागतो. तो तसाच ओढलेला राहिला तर सुईत जमलेला ऐवज सिरिंजच्या नळीत उडतो आणि तिथून तो काचेवर नीट घेता येत नाही. हे सगळं दहा-पंधरा सेकंदांत उरकतं.

काही डॉक्टर दट्ट्या ओढतच नाहीत. नुसती सुई घालतात, हलवतात आणि काढतात. बारीक पोकळीत द्रव आपोआप चढतो, त्यावर भिस्त ठेवतात. १९८०च्या दशकात पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमधल्या डॉक्टरांनी ही पद्धत पुढे आणली. थायरॉइडसारख्या रक्ताळ अवयवात ती फार उपयोगी पडते, कारण ओढलं की रक्तच जास्त येतं आणि रक्ताच्या गर्दीत कामाच्या पेशी हरवतात.

मग सुई काढून सिरिंजमध्ये हवा भरतात, सुई पुन्हा लावतात आणि काचेवर एक थेंब सोडतात. दुसऱ्या काचेने तो अलगद पसरतात. दाब जास्त पडला तर पेशी चिरडतात, कमी पडला तर थर जाड राहतो आणि आरपार काही दिसत नाही. काही काचा त्याच क्षणी अल्कोहोलमध्ये बुडवतात, कारण त्या रंगवायच्या पद्धतीत पेशी वाळल्या तर आतले बारकावे पुसले जातात. काही काचा मुद्दाम हवेवर वाळवतात, त्यांना वेगळा रंग द्यायचा असतो. या अर्ध्या मिनिटात हात चुकला तर उत्तम घेतलेला नमुनाही वाया जातो. म्हणून मला वाटतं, ही तपासणी कोण करतंय हे ती कुठल्या मशिनवर होतेय यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

साधारणपणे दोन-तीनदा टोचतात. त्यामुळे "पहिल्यांदा जमलं नाही वाटतं" अशी शंका रुग्णाला येते. तसं काही नसतं. गाठीच्या वेगवेगळ्या भागांतल्या पेशी याव्यात म्हणून ते मुद्दाम करतात. काही ठिकाणी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली निदान करणारे डॉक्टर, शेजारीच बसून पहिली काच झटपट रंगवून बघतात आणि नमुना पुरेसा आहे की नाही ते तिथल्या तिथे सांगतात. मग रुग्णाला पुन्हा बोलावून टोचायची वेळ येत नाही.

हाताला न लागणाऱ्या गाठीत सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचं टोक बघत बघत जातात. खोल गाठींसाठी सीटी स्कॅनचा आधार घेतात. स्वादुपिंडापर्यंत तोंडातून दुर्बीण घालून, पोटाच्या आतून पोचतात, आणि छातीतल्या लसिका ग्रंथींपर्यंत श्वासनलिकेतून.

## काचेवर काय वाचतात

पेशीच्या मधोमध केंद्रक असतं, जनुकांचं ठाणं. पॅथॉलॉजिस्टचं लक्ष सर्वांत आधी तिथे जातं. साध्या गाठीत पेशी एकमेकींसारख्या असतात, केंद्रकं एका मापाची, गोल, शांत. कॅन्सरमध्ये केंद्रकं मोठी होतात, मापं आणि आकार बिघडतात, रंग गडद चढतो, पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत, सुट्या पडतात.

नुसत्या कॅन्सरचा प्रश्न नसतो. मानेच्या गाठीतून आलेल्या नमुन्यात एका विशिष्ट प्रकारे लांबट झालेल्या संरक्षक पेशींचे पुंजके आणि मेलेल्या पेशींचा चोथा दिसला की क्षयाचा संशय बळावतो. मग एक काच वेगळ्या रंगाने रंगवून जंतू शोधतात. जंतू थोडे असले तर ते काचेवर दिसत नाहीत. म्हणून सुई आत असतानाच थोडा नमुना जंतू वाढवून बघण्याच्या आणि जीन एक्सपर्टसारख्या तपासणीसाठी बाजूला काढायला हवा. जीन एक्सपर्टमध्ये जंतूंचा जनुकीय अंश सापडतो आणि रिफाम्पिसिन हे औषध त्यांना लागू पडेल की नाही, तेही कळतं. क्षयाची शंका आहे हे सुई घालणाऱ्याला आधी सांगितलेलं नसेल तर सगळा ऐवज काचांवरच पसरला जातो आणि पुन्हा टोचायची पाळी येते.

चरबीची गाठ, पूची गाठ, मनगटावरची चिकट पारदर्शक द्रवाची गाठ ही मंडळी सुईच्या पहिल्या थेंबातच ओळखू येतात. त्यांच्याबद्दल फार बोलायला नको.

## पाण्याची गाठ: निदान आणि उपाय एकदमच

आत द्रव भरलेल्या पिशवीला सिस्ट म्हणतात. स्तनातल्या साध्या सिस्टमध्ये सुई घातली की पिवळसर, हिरवट किंवा तपकिरी पाणी येतं आणि गाठ बोटाखालीच बसते. बाईला दुखत असेल तर तेही थांबतं. पाण्यात रक्त नसेल आणि गाठ पूर्ण गेली असेल तर पाणी तपासायला पाठवण्याची बहुधा गरजही नसते. त्यात अर्थ लावण्यासारख्या पेशी फारशा नसतात. सोनोग्राफीत सिस्ट अगदी साधी दिसत असेल आणि त्रास नसेल, तर सुईसुद्धा लागत नाही.

तीन गोष्टी झाल्या मात्र गाफील राहायचं नाही. पाणी रक्ताळलेलं आलं, पाणी काढल्यावरही हाताला काही भरीव उरलं, किंवा तीच सिस्ट पुन्हा पुन्हा भरायला लागली. उरलेल्या भरीव भागातून वेगळा नमुना घ्यावाच लागतो, कारण माहिती देणाऱ्या पेशी पाण्यात नसतात, भिंतीला असतात.

मानेतल्या सिस्टबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. तरुण वयात मानेच्या बाजूला पाण्याची गाठ जन्मजात दोषामुळे असू शकते. चाळिशीनंतर पहिल्यांदाच आलेली तशी गाठ मात्र घशातल्या किंवा टॉन्सिलच्या कॅन्सरची, लसिका ग्रंथीत उतरून आतून पाणी झालेली असू शकते. सुईतून नुसतं पाणी येतं, चार पेशी येतात आणि रिपोर्टवर 'सिस्ट' एवढंच उमटतं. अशा वेळी घसा नीट तपासल्याशिवाय आणि गरज असेल तर पुन्हा नमुना घेतल्याशिवाय विषय मिटवू नये.

## मग काही जणांना तुकडा काढायला का सांगतात?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि त्यात नाराजी असते: एकदा सुई टोचली, आता पुन्हा बायॉप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी कशासाठी?

समजा एखादं घर तुम्हाला बघायला मिळालेलं नाही, फक्त त्यातल्या पाच-पन्नास सुट्या विटा कुणी आणून दिल्या आहेत. वीट कच्ची की पक्की, भट्टी कुठली, हे त्यावरून सांगता येईल. पण त्या घराने कुंपण ओलांडून शेजारच्या जागेत बांधकाम केलंय का, हे विटा बघून कधीच सांगता येणार नाही. त्यासाठी भिंत आणि कुंपण जोडून असलेला भाग बघावा लागेल. सुईने सुट्या विटा मिळतात. तुकड्यात बांधकामाचा भाग मिळतो.

थायरॉइडमध्ये हा फरक लख्ख दिसतो. तिथल्या पॅपिलरी नावाच्या कॅन्सरची खूण पेशीच्या आतच असते. केंद्रकं फिकट पडतात, त्यांवर उभी चीर दिसते, काहींच्या पोटात गोल पोकळीसारखा भाग दिसतो. ही खूण वीटच सांगते, म्हणून सुईने त्याचं निदान खात्रीने होतं. फॉलिक्युलर नावाच्या कॅन्सरमध्ये पेशी साध्या फॉलिक्युलर गाठीसारख्याच दिसू शकतात. त्याला कॅन्सर ठरवतं ते एकच: पेशींनी गाठीभोवतालचं कवच किंवा रक्तवाहिनी भेदली आहे का. ते बघायला अख्खी गाठ कवचासकट हवी. जगातले सर्वोत्तम पॅथॉलॉजिस्ट बसवले तरी सुईच्या नमुन्यातून त्यांना ते सांगता येणार नाही. इथे तुकडाही पुरत नाही, कारण कवच कुठल्याही एका कोपऱ्यात भेदलेलं असू शकतं. गाठ असलेला थायरॉइडचा अर्धा भाग काढूनच उत्तर मिळतं.

स्तनात कारण थोडं वेगळं आहे. कॅन्सर दुधाच्या नळीच्या आतच आहे की बाहेर पडलाय, यावर उपचार ठरतात, आणि सुट्या पेशींवरून ते नीट कळत नाही. शिवाय कॅन्सर हार्मोनला प्रतिसाद देणारा आहे का, त्याच्यावर हर-टू हे प्रथिन जास्त आहे का, हे तपासायला तुकडा अधिक भरवशाचा. त्यामुळे स्तनातल्या संशयास्पद भरीव गाठीसाठी आता जिथे सोय आहे तिथे जाड सुईने छोटा तुकडा काढण्याकडेच कल आहे. त्याला कोअर बायॉप्सी म्हणतात.

लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचा, लिम्फोमाचा, संशय सुईने येतो, पण त्याचा नेमका प्रकार ठरवायला बहुतेकदा अख्खी ग्रंथी काढून बघावी लागते. लिम्फोमाचे प्रकार अनेक आणि औषधं वेगवेगळी, तेव्हा इथे अर्ध्या माहितीवर उपचार सुरू करणं परवडत नाही.

उलटंही असतं. कानाच्या पाळीखालच्या लाळग्रंथीत गाठ असेल तर चिरून तुकडा काढणं टाळतात. तिच्यातूनच चेहऱ्याची नस जाते, आणि गाठीचं कवच फाटलं तर तिथल्या काही साध्या गाठीही पुन्हा पुन्हा उगवतात. तिथे पहिली तपासणी बारीक सुईचीच.

## रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला, म्हणजे कॅन्सर नाही ना?

सर्वांत जास्त घोटाळा मला इथे होताना दिसतो. रिपोर्टवर 'कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत' असं लिहिलेलं असतं. घरी जाईपर्यंत त्याचं 'कॅन्सर नाही' असं होतं. रिपोर्ट फक्त काचेवर आलेल्या पेशींबद्दल बोलत असतो. सुई गाठीच्या शेजारून गेली असेल, गाठ तंतुमय टणक असल्याने पेशी सुटल्याच नसतील, किंवा गाठीचा नेमका मेलेला भागच सुईत आला असेल, तर कॅन्सर असूनही काचेवर दिसणार नाही.

त्यातही दोन रिपोर्टांमधला फरक ओळखायला हवा. एक म्हणतो, 'नमुना पुरेसा आहे आणि पेशी साध्या गाठीच्या आहेत.' दुसरा म्हणतो, 'नमुना अपुरा.' दुसऱ्याचा अर्थ तपासणी झालेलीच नाही, असा धरायचा. तो चांगलाही नाही, वाईटही नाही. पुन्हा सुई घालायची, शक्यतो सोनोग्राफी बघत. काहीच न सापडल्यासारखा हा रिपोर्ट वाचून पुन्हा न फिरकणारे लोक सर्वांत जास्त धोक्यात असतात.

पुरेसा नमुना आणि साधी गाठ असा रिपोर्ट आला तरी तो एकटाच धरून निष्कर्ष काढू नये. स्तनाच्या गाठीसाठी डॉक्टर तीन गोष्टी शेजारी ठेवून बघतात: हाताने केलेली तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, आणि सुईचा रिपोर्ट. तिन्ही एकमुखाने साधी गाठ म्हणत असतील तर कॅन्सर निघण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी उरते. तिन्हींतलं एक जरी वेगळं बोलत असेल, म्हणजे सुई साधी म्हणते पण मॅमोग्राफी संशय घेते, तर संशयाचं ऐकायचं आणि तुकडा काढायचा. हाच नियम बाकीच्या अवयवांनाही लागू पडतो. गाठ वाढत राहिली तर जुना चांगला रिपोर्ट तिला थांबवत नाही.

'कॅन्सर आहे' असा रिपोर्ट चुकीचा निघणं फार क्वचित घडतं. तरी मोठं ऑपरेशन किंवा केमोथेरपी ठरवण्याआधी तो बाकीच्या तपासण्यांशी जुळतोय ना, हे डॉक्टर बघतातच.

## थायरॉइडचे सहा गट

थायरॉइडच्या रिपोर्टवर बेथेस्डा आणि एक आकडा असतो. २००७ साली अमेरिकेत बेथेस्डा इथे तज्ज्ञांची परिषद भरली. प्रत्येक पॅथॉलॉजिस्ट आपापल्या भाषेत रिपोर्ट लिहीत होता आणि सर्जनला त्याचा अर्थ लावत बसावं लागे. त्यावर उपाय म्हणून सहा गट ठरले. २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. त्यातल्या प्रौढांसाठीच्या सरासरीनुसार कॅन्सर निघण्याची शक्यता अशी आहे: गट १ म्हणजे अपुरा नमुना, शंभरात १३. गट २ साधी गाठ, ४. गट ३ पेशी थोड्या वेगळ्या पण ठरवता येत नाही, २२. गट ४ फॉलिक्युलर गाठ, ३०. गट ५ कॅन्सरचा दाट संशय, ७४. गट ६ कॅन्सर, ९७.

हे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ते मुख्यतः ज्यांची ऑपरेशनं झाली त्यांच्यावरून काढलेले आहेत, आणि ऑपरेशन झालं म्हणजे त्या गाठींचा संशय आधीच जास्त होता. नुसतं निरीक्षणाखाली ठेवलेल्यांत प्रत्यक्ष प्रमाण कमी असणार. गट २ आला तर साधारणपणे ऑपरेशन नाही, ठरावीक काळाने सोनोग्राफी. गट ३ मध्ये बहुधा पुन्हा सुई घालतात, किंवा उपलब्ध असेल तिथे त्याच नमुन्याची जनुकीय तपासणी करतात. गट ४ चं कारण वर आलंच आहे: तिथे पॅथॉलॉजिस्ट टाळाटाळ करत नाहीत, त्यांच्या हातात कवचच नसतं.

नमुना पुरेसा म्हणायचा तरी केव्हा, याचीही मोजणी ठरलेली आहे: नीट दिसणारे किमान सहा पुंजके आणि प्रत्येकात किमान दहा पेशी. 'अपुरा' हा शब्द कुणी मनाने लिहीत नाही.

थायरॉइडच्या प्रत्येक गाठीत सुई घालायची नसते. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेच्या २०१७ च्या निकषांनुसार सोनोग्राफीत फार संशयास्पद दिसणारी गाठ १ सेंटिमीटरची झाली की, मध्यम संशयाची दीड आणि कमी संशयाची अडीच सेंटिमीटरची झाली की सुई. पूर्ण पाण्याची असेल तर निदानासाठी सुई नाहीच.

## सुई लावली की कॅन्सर पसरतो, हे खरं का?

ही भीती आजची नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये हेज मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी १९३० साली गाठीत सुई घालून निदान करण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा सर्जन मंडळींनी हाच आक्षेप घेतला होता. त्यांची सुई १८ नंबरची, जवळपास सव्वा मिलिमीटर जाडीची होती. अमेरिकेत ही पद्धत बरीच वर्षं मागे पडली. १९५० आणि ६०च्या दशकांत स्टॉकहोमच्या डॉक्टरांनी कितीतरी बारीक सुया वापरून ती पुन्हा उभी केली, आणि तिथून ती जगभर गेली.

सुईच्या वाटेत कॅन्सरच्या पेशी रुजू शकतात का? शकतात. नोंदी आहेत. पण थायरॉइड, स्तन, मान इथे बारीक सुईने असं होणं इतकं दुर्मीळ आहे की एकेका रुग्णाचा वेगळा लेख छापला जातो. वाटेत सांडलेल्या बहुतेक पेशी जगत नाहीत. सुई लावल्यानंतर गाठ 'भडकली' असं वाटतं, त्यामागे बहुधा आत थोडं रक्त साकळलेलं असतं, किंवा गाठ आधीपासूनच वाढत असते आणि सुईची तारीख तेवढी लक्षात राहते.

तरी डॉक्टर स्वतःच जिथे सुई टाळतात अशा जागा आहेत, आणि त्या लपवून ठेवायचं कारण नाही. अंडकोषातली गाठ कॅन्सरची वाटत असेल तर कातडीतून सुई घालत नाहीत, जांघेतून अंडकोषच काढून तपासतात. अंडाशयातली सिस्ट संशयास्पद असेल तर ती फोडत नाहीत, कारण आतला द्रव पोटात सांडला तर अंडाशयापुरत्या कॅन्सरचाही टप्पा पुढचा धरावा लागतो. यकृताच्या मूळ कॅन्सरमध्ये सुई किंवा बायॉप्सीच्या वाटेत पेशी रुजण्याचं प्रमाण शंभरात दोन-तीन इतकं सापडलं आहे. सिरॉसिस, म्हणजे यकृत व्रण पडून कडक झालेलं, असलेल्या रुग्णात तो कॅन्सर सीटी किंवा एमआरआयवरच ओळखता येतो, म्हणून तिथे अनेकदा सुई लागतच नाही. पट्टकृमीच्या अळीमुळे होणाऱ्या हायडॅटिड सिस्टमध्ये अजाणता सुई गेली तर सांडलेल्या द्रवाची जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी येऊ शकते. मानेत ठोके देणारी गाठ असेल तर ती रक्तवाहिनीशी निगडित असू शकते, तिथे आधी सोनोग्राफी. सुई घालण्याआधी स्कॅनचा आग्रह धरतात, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

दुसऱ्या पारड्यात आहे उशीर. सुईच्या भीतीने गाठ सहा महिने तशीच ठेवली, तर कॅन्सर त्याच्या नेहमीच्या वाटांनी, रक्तातून आणि लसिका वाहिन्यांतून, पुढे जात असतो. त्याला सुईची गरज नसते.

## दुखतं का, आणि जाण्याआधी काय सांगायचं

इंजेक्शनइतकं दुखतं, सुई हलवताना थोडं जास्त. बहुधा भूल देत नाहीत, कारण भुलेचं इंजेक्शनही तेवढंच टोचतं. खूप भीती वाटत असेल किंवा जागा नाजूक असेल तर भूल मागायला हरकत नाही. थायरॉइडची तपासणी असेल तर सुई आत असताना आवंढा गिळायचा नाही, बोलायचं नाही. वरवरच्या गाठींसाठी उपाशी राहावं लागत नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा रक्त लवकर थांबत नसेल तर आधी सांगा. त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाला सुईपेक्षा गोळी थांबवण्याचा धोका मोठा असू शकतो. स्तनाच्या गाठीत मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी आधी, सुई नंतर. उलट केलं तर सुईने साकळलेलं रक्त फोटोत संशयास्पद दिसतं.

नंतर पाच-दहा मिनिटं जागा दाबून धरायची. काळंनिळं पडणं, एक-दोन दिवस ठणकणं हे होतं. मानेतल्या सुईनंतर मान भराभर सुजायला लागली किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, छातीजवळच्या सुईनंतर धाप लागली, तर वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. असं क्वचितच होतं.

## दुसरं मत हवं असेल तर

पुन्हा टोचून घ्यायची गरज नसते. रंगवलेल्या काचा टिकतात, आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवण्यासाठी त्या प्रयोगशाळेकडून मागून घेता येतात. काही वेळा उरलेला ऐवज मेणाच्या ठोकळ्यात बसवून ठेवलेला असतो, त्याला सेल ब्लॉक म्हणतात. असा ठोकळा असेल तर त्याचे पातळ काप काढून कॅन्सर मूळ कुठल्या अवयवातून आला याच्या तपासण्या करता येतात. नुसत्या रिपोर्टची झेरॉक्स घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर ते दुसरं मत पहिल्याच डोळ्यांनी पाहिलेल्यावर बेतलेलं असेल, म्हणून काचा सोबत न्या. सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि गाठ कधी लक्षात आली, तेव्हापासून किती वाढली, हेही लिहून न्या. काच वाचणाऱ्याला ही माहिती लागते आणि मागणीच्या चिठ्ठीवर ती बहुतेक वेळा नसते.